भऱ्याचा बँड आणि फिनलंडचे चारशे बारा

डीजे आणा ना, कोण नको म्हणतंय, पण ‘लोकांना आता बँड आवडत नाही’ हे कशावरून? मोजलंत? विचारलंत कुणाला? तुम्हाला सांगतो, मी चार वर्षं फिनलंडात संख्याशास्त्र शिकलो आणि तिथली नोकरी नाकारून भऱ्याला, आपल्या गावी, परत आलो, ते एकाच गोष्टीवर विश्वास ठेवून, की आकडा खोटं बोलत नाही. आणि आल्यावर ऐकतो काय, तर येत्या चैत्रात जत्रेला पालखीपुढे कुशातात्यांचा बँड नाही, पिरंगुटचा डीजे.

कुशातात्या म्हणजे आमचे शेजारी, कुशाबा. क्लॅरनेट वाजवतात. अकरा माणसांचा बँड, कुणी भात लावतं, कुणी कारखान्यात पाळी करतं, पण लाल कोट चढवला की अकराही जण सरदार! एकतीस वर्षं पालखीपुढे तेच. मी धावत गेलो, तर तात्या ओट्यावर क्लॅरनेट पुसत बसलेले. म्हणाले, “जत्रा हातची गेली की संपलं बग, शेखर. जो जत्रंला वाजत न्हाई, त्याला लग्नाला कोन बोलवतंय? वाद्यं इकून टाकतो.”

मी म्हटलं, “तात्या, थांबा. माझ्याकडे पुरावा आहे.”

होताच. तिकडे असताना मी नेटवर बँडचं एक पान केलं होतं, तात्यांचा फोटो आणि दोन मिनिटांचं वाजवणं. आता अशा पानाला एक सोय असते, कुठल्या देशातून किती वेळा नाव शोधून लोक इथे पोचले, ते महिन्यामहिन्याचं दाखवते. ती मी दोन वर्षांत कधी उघडलीच नव्हती. उघडली... आणि तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. फिनलंड, चारशे बारा. अहो, जिथे शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही, तिथे चारशे बारा वेळा ‘भैरवनाथ ब्रास बँड, भरे’ असं शोधून कुणी आमच्या तात्यांना ऐकतंय! जर्मनी नऊ. मी पिरंगुटला जाऊन महिन्यांच्या आकड्यांचा कागद आणि जगाचा रंगीत नकाशा छापून आणला, फिनलंड लालभडक, आणि छाती पुढे काढून देवळातल्या बैठकीला हजर.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष कोंडाजी. त्यांनी नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा. “ह्यो लाल कुटला म्हनायचा?”

“फिनलंड.”

“जत्रंला येनार हायेत का त्ये?”

तेवढ्यात दयानंद, डीजेच्या बाजूचा, म्हणतो, “आन भारतात किती?”

भारतात... सहा.

“सहा? आरं, बँडातच अकरा हायेत की.”

हसले सगळे. हसू देत, मी म्हटलं, आकडा खोटं बोलत नाही, देशोदेशीच्या रसिकांना जे कळतं ते आपल्याला... आणि इथे माझी बहीण उठली. गौतमी. हिंजवडीत कंपनीत आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम करते, घरी आली तरी सवय जात नाही. महिन्यांचा कागद माझ्या हातातून घेतला. “दादा, सप्टेंबरपासून फिनलंडात एकदम शून्य कसं झालं?”

“असेल. तिकडे थंडी सुरू होते.”

“तू परत कधी आलास?”

“...सप्टेंबरात.”

“आणि जर्मनीचे नऊ, सगळे एकट्या मार्चमध्ये?”

मार्चमध्ये मी आठवडाभर जर्मनीला गेलो होतो. परिषदेला.

आता काय सांगू तुम्हाला. त्या पानाचा पत्ता लांबलचक, तो कोण लक्षात ठेवणार, म्हणून जेवायला बसलो की मी नाव शोधायचो, तात्यांचं क्लॅरनेट लावायचो आणि मग वरणभात खायचो. एकट्याला घास जात नाही हो. चारशे बारा जेवणं होती ती. फिनलंड म्हणजे मी होतो.

तसं मी बैठकीत सांगून टाकलं. मी खाली बघतोय. आणि तात्या शांतपणे म्हणाले, “भारतात आमाला कोन कशाला शोधंल? आमी काय हरवलोय?”

झालं, खांबाला टेकलेल्या चंद्राबाई, कोंडाजींच्या आई, सरसावून बसल्या. “व्हय रं कोंडाजी, तुज्या लग्नात कोन वाजत हुतं?”

“तात्या.”

“आन तुज्या पोरीच्या?”

“तात्याच की.”

“मंग आसं कर. हितं ज्याच्या दारात तात्या वाजला न्हाई, त्यानं हात वर करा. मोज तू.”

कोंडाजी उठून मोजायला लागले. दयानंदचा हात कानापर्यंत गेला, तिथे कान खाजवून खाली आला. शून्य. तुम्हाला सांगतो, एवढं शिकलो, पण इतकं भरलेलं शून्य मी कुठे पाहिलं नव्हतं. बँड हवा असेल तर तात्यांच्या ओट्यावर नारळ ठेवायचा, ही इथली रीत मला जन्मापासून ठाऊक, आणि मी मोजत होतो नेटवर! कोंडाजींनी तिथल्या तिथे जत्रेचा नारळ तात्यांच्या हातात दिला.

इथवर ठीक. पण आता बँडच्या गाडीवर फलक लागलाय, ‘फिनलंडात गाजलेला’. मी तात्यांना म्हटलं, “अहो, हे खोटं आहे. तो मीच होतो.”

“तू कुटं हुतास?”

“फिनलंडात.”

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“चारशे बारा बार?”

“हो.”

“मंग? तूच म्हनतुयास न्हवं, आकडा खोटं बोलत न्हाई?”

नाही बोलत. काय करणार? वर त्यांच्या खुळखुळेवाल्याची त्या दिवशी कारखान्यात पाळी आहे. तेव्हा चैत्रात भऱ्याला या. पालखीपुढे, तिसऱ्या रांगेत, ढगळ लाल कोटात खुळखुळा हलवणारा एक जण दिसेल... तो फिनलंड.