जपानला वायर कोण देतं

हायड्रोजन इंधनाचा देखावा ही आयडिया माझीच. आमच्या गिरगावच्या वाडीच्या गणपतीत निवेदनही माझ्याच आवाजात: "जर्मनी हायड्रोजन पाइपातून मागवणार, जपान जहाजातून. आपण मात्र आपल्या उन्हावर बनवणार, कोणापुढे हात पसरणार नाही." नेमके तिथेच मांडवातले लाइट गेले. रांग खोळंबली.

समोरच्या वाडीच्या सावंतकाकांशी आमचं कायम वाकडं. पण त्यांनीच आपल्या मांडवातून वायर टाकून दिली. निवेदन पुन्हा पहिल्यापासून लागलं. हात पसरायचं वाक्य जवळ आलं तसा मी बटणाकडे धावलो.

काका म्हणाले, "बंद नको करूस रे. जपानला वायर कोण देतं, ते ऐकायचंय मला."

त्या संध्याकाळी आरतीचं ताट आम्ही काकांच्याच हातात दिलं.