कॅलेंडरात नसलेली सुट्टी

माझा जन्म भुईगावचा आणि लग्नही भुईगावातच, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे माहेरी जाणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नाय, मी इकडे भांडं आपटलं की आई तिकडे ऐकायची. आमची केळीची नि फुलांची वाडी, आणि वाडीत बावखल. बावखल म्हणजे पाणी साठवायचा खोल खड्डा, तळ्यासारखा, त्याच्यावर माहेरची नि सासरची, दोन्ही वाड्या जगायच्या. त्यातच माझा धाकटा भाऊ गेला. दिवाळीची सुट्टी होती, आईबाप भात कापायला, मी चुलीपाशी. शाळा असती तर पोर बाकावर बसलं असतं, आई मरेपर्यंत एवढंच म्हणत राहिली. म्हणून काय सांगू तुम्हाला, लोकांना सुट्टी आली की आनंद होतो, मी आधी विचारते पोरं कुठं आहेत, अजून विचारते.

मुलगा नि सून मुंबईला नोकरीला, तेव्हा नात सोनल माझ्याकडे. नव्वद साल उलटून गेलेलं. पोरीला शेजारच्या गावात फादरच्या शाळेत घातली, शिस्त चांगली म्हणून. पण त्या शाळेच्या सुट्ट्या निराळ्या. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला गणपती, दिवाळी सगळं ऐसपैस, इथं गणपती आले कधी नि गेले कधी पत्ता नाय, दिवाळी तोकडी, आणि नाताळ मात्र नवं वर्ष लागेपर्यंत. ते एक वेळ चालेल, ते ठरलेलं असतं. मला धास्ती मधेच उगवणाऱ्या सुट्टीची. मुख्याध्यापकांच्या हातात म्हणे थोड्या सुट्ट्या असतात, गावाचं बघून द्यायच्या. ती सुट्टी सिस्टर वर्गात तोंडी सांगायची, उद्या शाळा नाय, झालं. आणि मी बसायची भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत, आकडा लाल असला की मी घरी, काळा असला की फुलांची टोपली घेऊन वसईच्या बाजारात.

नाताळानंतरची गोष्ट. सोनलला ताप आलेला, आदल्या दिवशी शाळा बुडाली. सकाळी अंग गार लागलं, म्हणाली, जाते शाळेत. ती रोज शेजारच्या मार्थाच्या पोरीबरोबर, सिल्वीबरोबर जायची. बघते तर मार्थाच्या दाराला कुलूप. मला वाटलं सिल्वी पुढं गेली असेल, मार्था कामाला. सोनलला सांगितलं, जा बाय, सरळ रस्त्यानं जा, बावखलाकडं बघायचंसुद्धा नाय. बावखल मागं पडेपर्यंत तिच्याबरोबर चालले आणि मग गेले बाजारात.

तिथं नेहमीची गिऱ्हाईक बाई मला म्हणते, आज फुलं इथं कशाला आणलीस, तिकडं चर्चचा सण आहे, तिथं हातोहात गेली असती. कुठल्या चर्चचा, मी विचारलं. तिनं नाव घेतलं ते सोनलच्या शाळेच्या गावाचं. म्हणजे शाळेला कुलूप, म्हणजे सिल्वी, मार्था सगळी सणाला गेलेली, आणि माझी पोर एकटी रस्त्यावर. टोपली तिथंच टाकली. रिक्षात बसले खरी, पण पाय हलत होते, जसं काय मीच धावतेय.

आधी घर बघितलं, पोर नाय. मग बावखल. वर सगळं शेवाळ, हिरवंगार, आणि मधोमध काहीतरी लाल. सोनलच्या वेणीला लाल रिबन असायची. पुढचं काय सांगू. दिराला हाताला धरून ओढत आणलं, तो म्हणतो वहिनी अगं जास्वंद दिसतेय ती, मी म्हटलं उतर. तो कपड्यानिशी उतरला. जास्वंदच होती. तरी मी त्याला वर येऊ देईना, म्हटलं खाली बघ, अजून खाली बघ. माझ्या आईनं असंच माणसं उतरवलेली, मी तेव्हा याच काठावर उभी होते.

तेवढ्यात रस्त्यावरून मार्था, सणाची साडी नेसलेली, एका हाताला सिल्वी, दुसऱ्या हाताला माझी सोनल, गणवेशातच, तोंडाला केक लागलेला. मार्था म्हणाली, अगं वैनी, पोर शाळेच्या फाटकाला टेकून उभी होती, चर्चात मिस्साच्या प्रार्थनेला घेऊन बसले, मग बहिणीकडे जेवू घातली, उपाशी कशी आणू. माझा दीर गळ्यापर्यंत पाण्यात, त्याला म्हणते, भावजी, आज आंघोळ केली वाटतं.

मी हसले नाय, पोरीला हलवून विचारलं, शाळा बंद होती तर घरी का नाय आलीस. तर ती म्हणते,

आजी, येताना बावखल लागतं, तू बघू नको म्हणालीस ना, मला एकटीला भीती वाटली.

मी तिथंच खाली बसले. माझी भीती तिच्यात कधी शिरली ते मला कळलं नाय, आणि रागावू कुणावर, त्याच भीतीनं तिला फाटकाशी धरून ठेवलं.

तेव्हापासून सोनलचं शिक्षण संपेपर्यंत मार्थाचा नेम, सुट्टी कळली की कुंपणावरून हाक मारायची, वैनी, उद्या नाय. आता सोनल स्वतः कमावते, वसईतच एव्हरशाईनच्या नव्या वस्तीत राहते. कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली, वर इमारती आल्या. आमचं आहे अजून. सोनलच्या ऑफिसला सुट्टी असली की मी आजही फोन करते, कुठं आहेस गं. ती म्हणते घरीच आहे आजी, पाण्यापासून लांब. तुम्हाला लेकरं असतील तर बाई, त्यांना पोटभर सुट्ट्या मिळू देत, पण आधी सांगून मिळू देत.