खालची खिडकी

मी खैरून, दाभोळच्या खाडीवरची, बाबा माझे मचव्यावर तांडेल, आणि शाळा म्हणाल तर चौथी, ती पण अर्धी, कारण धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मी, तर वाचता येतं पण जुळवून जुळवून, लिहायला हात वळत नाय, म्हणून डॉक्टरबाई, धाप कशानं ते तुम्ही विचारलंत तर लिहा पण तुम्हीच, मी बोलत्ये. फक्त मधे थांबवू नका. थांबले की ती संध्याकाळ दिसते आणि मग मला धाप लागते.

लग्न झालं आणि वर्षात इकडं सौदीत कतीफला आले. आमचे हे मासळीबाजाराजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत, त्यांचे मोठे भाऊ, भाईजान, तिथंच फोरमन, त्यांच्या शब्दावर कफीलनं, म्हणजे इथल्या अरब मालकानं, माझा व्हिसा काढला, म्हणून घरात भाईजानचा शब्द म्हणजे शब्द, ते बस म्हणले की बसायचं. दोन खोल्या, आम्ही तिघं, मग माझी नूरी झाली, आणि ती झाली त्याच उन्हाळ्यात तिकडं इराकवाल्यांनी कुवेत गिळलं.

समोरच्या दारात फिलिपिनो जोडपं. नवरा वर्कशॉपमधे, ती नर्स. मला म्हणली मानांग म्हण, आमच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात, म्हणजे आपाच की. आमची बोली कसली, थोडं हिंदी, थोडं अरबी, थोडं तिच्या हॉस्पिटलचं इंग्लिश, उरलं ते हातानं. तिची ड्युटी संपली की दुपारी आम्ही दोघी तिच्या गावाला जायचो, विगानला. हसू नका. परातीत तांदळाचं पीठ पसरायची आणि बोटानं रस्ते काढायची, हा दगडी रस्ता, ह्याच्यावर टांगे चालतात, ही चर्च, हा कुंभारवाडा, इथं मोठमोठ्या बरण्यांची माती रेडा तुडवतो, गोल गोल फिरून. मी म्हणलं आमच्याकडं रेडा नांगराला, तुमच्याकडं कुंभाराकडं नोकरीला. ही आजीची खोली, इथं पायानं चालवायचा माग, आजी भोवऱ्यासारखी नक्षी विणायची, बघणाऱ्याचं डोकं गरगरतं, का तर भूत आलं तर त्यालाच चक्कर यावी. काय सांगू तुम्हाला, मी रत्नागिरी शहर धड बघितलं नाय, पण विगान मला पाठ हाय.

आणि तिची ती करंजी. करंजीच ती, तांदळाच्या पिठाची, केशरी रंगाची, आत कच्ची पपई किसून आणि वर अंडं फोडून, तळायची आणि आंबट शिरक्यात बुडवायची. तिकडं आत डुकराचं घालतात. माझ्यासाठी तिनं कढई नवी आणली, तेल नवं, आणि माझ्या डोळ्यापुढं भरली, बघ खैरून, पपई, अंडं, खलास. भाईजान म्हणायचे रोज दुपारी असतेस कुठं, मी म्हणायची विगानला, ते म्हणायचे वा, पासपोर्ट कफीलच्या कपाटात आणि बाई विगानला.

थंडीत लढाई सुरू झाली. सगळे सांगायला लागले की एक खोली बंद करा, विषारी गॅस येईल. मानांग आली, आम्ही मिळून खिडकीला प्लास्टिक लावलं, चहूबाजूंनी टेप, आणि टेप दाबता दाबता ती म्हणली, आमच्या विगानला खिडकीला काच नाय, शिंपल्याच्या पातळ चकत्या, आणि त्या खिडकीच्या खाली जमिनीलगत अजून एक बुटकी खिडकी, गज लावलेली. वरची बंद झाली तरी खालची उघडी. मी म्हणलं कशाला. तर म्हणली घराला श्वास पाहिजे. घरात कोणी चक्कर येऊन पडलं तर आजी आधी खालची खिडकी उघडायची, मग डॉक्टरला हाक.

फॅक्टरीतनं गॅसचे मास्क मिळाले दोन, ह्यांना आणि भाईजानना. मी म्हणलं लेकराचा? मास्क वाटणारा माणूस म्हणला, लेकरू फॅक्टरीत कामाला हाय का?

त्या दिवशी जुमेरात, म्हणजे गुरुवार. जुमेरातीला मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर लोबान जाळून गेलेल्यांच्या नावानं फातेहा द्यायची, ही आमच्या घरची रीत, आम्मानं कधी चुकवली नाय, मी पण नाय. निखारे मीच फुलवले, ते खोटं नाय सांगणार. तेवढ्यात भोंगा झाला. भाईजान म्हणले आत चला, मी म्हणलं फातेहा, ते म्हणले लोबान आत घे, फातेहा आतच होईल. घेतली लोबानदानी आत, दाराखाली ओला टॉवेल, वरनं टेप. फातेहा झाली. भोंगा वाजून थांबला, कुठं काय पडलेलं ऐकू आलं नाय, पण धोका सुटल्याचा भोंगा पण होईना. बसलो. माझं डोकं ठणकायला लागलं, ह्यांना मळमळलं, आणि मांडीवर बघत्ये तर नूरीनं मान टाकलेली. दूध ओठावरनं ओघळतंय, गिळत नाय. नूरी, नूरी गो, हलवत्ये, काय नाय.

भाईजान ओरडले गॅस आला! दोघांनी मास्क चढवले. मी उठले खिडकीकडं तर भाईजाननी मनगट धरलं, मास्कमधनं त्यांचा आवाज हंड्यातनं आल्यासारखा, उघडशील तर सगळे मरू, खाली बस. हे पण म्हणतायत बस खैरून, बस. मी घाबरट हाय, पालीला घाबरत्ये. पण नाकात लोबान सोडून दुसरा वास नाय, समोर निखारे राखेत धुमसतायत, आणि डोक्यात तिची आजी, आधी खालची खिडकी, आधी खालची खिडकी. मी भाईजानच्या हाताला चावले. हो, जेठाच्या हाताला. लिहा तसंच. टेप नखानं ओरबाडली, प्लास्टिक फाडलं, खिडकी ढकलली, आणि नूरीला अर्धी बाहेर धरली त्या काळोखात. गार वारा आला, डिझेलचा आणि मासळीचा वास. मी मोजलं नाय किती वेळ. मग ती रडली. अशी रडली, अशी रडली, मला भोंग्यापेक्षा मोठं वाटलं.

मानांगची त्या दिवशी रातपाळी, ड्युटीवरनं आली ती सकाळी. नूरीचे डोळे बघितले, छाती ऐकली, मग लोबानदानीकडं बोट केलं, तुमचा गॅस हा. कोळशाचा. अजून थोडा वेळ असता तर तुम्ही चौघंही गेला असता.

भाईजान म्हणले, नशीब समज, खरा गॅस असता तर? मी कधी त्यांच्या तोंडावर बोलले नव्हते. म्हणलं, असता तर मी नि माझी पोर मेलो असतो भाईजान, मास्क तर तुमच्या तोंडावर होता. हे खाली बघत बसले. मी नाय बघितलं खाली.

आता लढाई संपली, काचेवर टेपचे डाग अजून हायत, घासत्ये पण जात नायत. जुमेरातीची फातेहा चालू हाय, खिडकी उघडी टाकून. मानांगनं आजीच्या नक्षीची चादर नूरीला दिली, तिच्यावरच ती रांगते. भाईजान माझ्याशी कामापुरतं बोलतात, बोलू देत.

गावाला ह्यांनी घर बांधायला काढलंय. मी ह्यांच्याकडनं पत्र लिहवलं, गवंड्याला सांगा, प्रत्येक खिडकीखाली जमिनीलगत एक बुटकी खिडकी, गज लावून. भाईजान म्हणले बाई मिस्त्री झाली. गवंड्याचं उत्तर आलं, वहिनी, असं आपल्याकडं कोण करत नाय, खालनं मांजर येईल. मी ह्यांना म्हणलं लिहा त्याला, येऊ दे मांजर, वारा येऊ दे, पावसाची झड येऊ दे, पुसायला मी हाय. माझी पोर आत निजणार हाय. अल्ला त्या विगानच्या आजीची कबर रोशन ठेवो, म्हातारीला मी बघितलं पण नाय.