गंगाकाठचा राहिलेला तुकडा

न्हाई, माणसानं खरं बोलावं हो, पर बायकोपाशी इतकं खरं? आमच्या पेडगावच्या किशनरावांचं वाटोळं त्या खऱ्यानंच केलं, तुमाला सांगतो! झालं काय, त्यांची कमलबाई मुदतीच्या तापानं पडली, हकिमानं हात टेकले, तवा यांनी गंगामाईला, म्हंजे आपल्या गोदावरीला, नवस बोलला, ही उठून बसली तर पैठणपासून नांदेडपर्यंत तुज्या काठाकाठानं अनवाणी चालंन! बाई उठली. आन् किशनराव चालले बी! पर वाटेत मुद्गल गावाला यांनाच हुडहुडी भरली, कुण्या भल्या माणसानं उचलून कापसाच्या गाडीत घातलं, आन् डोळे उघडून बगतात तर धारासूर! मधली वाट गेली झोपेत. बरं, गेली तर गेली, पुढं नांदेड गाठलं, गावानं वाजतगाजत घरी आणलं, आता गप बसायचं का न्हाई? तर हे बायकोला सांगून बसले, "मधला तेवढा तुकडा राहिला बग..."

झालं! म्हैस आटली, "तेवढा तुकडा राहिला!" लोणच्याला बुरशी आली, "तेवढा तुकडा राहिला!" जावई रुसून गेला... आता जावई जन्माचाच रुसका, त्याला गंगामाई काय करंल? पर न्हाई! कमलबाई कपाळाला हात लावून, "तेवढा तुकडा राहिला ना हो!" किशनराव म्हणायचे, "अगं, नवस तुजा का म्हशीचा?"

आन् एका दिवाळीच्या म्होरं कमलबाईला पुन्हा तसाच ताप भरला. बाई बोलंच ना! नुसती आढ्याकडं बगत पडून. किशनराव उशापाशी बसून म्हणायलेत, "अगं, म्हण ना, तुकडा राहिला म्हण, शिव्या दे..." एक न्हाई का दोन न्हाई! तवा मात्र माणूस हबकला. सुनेला म्हणाले, "सुमन, सासूकडं बग. मी तेवढा चालून येतो."

मुद्गलच्या देवळात मुक्काम केला, पहाटं गंगेत पाय धुऊन निघाले. काळ्या रानातली वाट, तळव्यात सराट्याचे काटे, आन् मनात एकच... ही बोलली पायजे. दुपारी मागून छकडा आला, आन् छकड्यात निजामाचा जमादार, मिशा ह्या अशा!

"काँ जारे, पटेल?"

"धारासूर, साहेब."

"पैदल कायकू? आव, बैठो!"

"नक्को साहेब... वो मेरा टुकडा रह गया."

"टुकडा? कौनसा टुकडा? जमीन का? झगडा करने जारे क्या?"

आता याला नवस कसा समजवावा? किशनरावांची उर्दू म्हंजे ढेकळातली गाडी! म्हणाले, "बीबी को बुखार हय, इसलिये चलना हय." जमादारानं डोळे वटारले, "बीबी को बुखार, और तुम नंगे पाँव इधर घूमरे? बैठो!"

भला माणूस हो, लय भला! पर त्या काळात सरकारी माणसाला न्हाई कोण म्हणंल? बसले! किशनरावांच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी, आन् जमादार पाठ थोपटायलाय, "मत रो, पटेल, अच्छी हो जायेगी!" बिचाऱ्याला काय ठाऊक, हा माणूस गाडीत बसावं लागलं म्हणूनच रडायलाय!

धारासूरला छकड्यातनं उतरले, जमादार दिसेनासा झाला, तसे किशनराव आल्या वाटेनं माघारी फिरले. उलटं तर उलटं! ज्या बाभळीखाली जमादाराच्या गाडीत बसले होते तिथवर आले, तवा दिस बुडायलाय, टाचा फुटून रगत आलंय, आन् तुकडा झालाय का न्हाई हे सांगायला तिथं एक चिटपाखरू न्हाई!

दुसऱ्या दिवशी घर गाठलं तर काय, कमलबाई भिंतीला टेकून पेज पियालीय! किशनराव उंबऱ्यातच लेकरावानी रडले. आन् मग... मग काय, पुन्हा खरंच बोलले की! जमादार, छकडा, उलटी वाट, सगळं!

बाईनं वाटी खाली ठेवली. "गाडीत कवा बसलात?"

"काल. दुपारी."

"सुमन, माजा ताप कवा उतरला गं?"

"कालच की, आत्याबाई. ऊन डोक्यावर होतं, घामानं चिंब झालतात."

कमलबाई नवऱ्याकडं वळली. "बगा! चाललात तवा न्हाई, बसलात तवा उतरला!"

तवापासून, तुमाला सांगतो, घरात कुणाला नुसती शिंक आली तरी कमलबाई म्हणते, "आवो, जरा गाडीत बसून या!" आन् किशनराव... किशनराव मुकाट उठून बैल जुंपायलेत!