फाटकासमोरचा टेम्पो

मंडळी, पाड्यातल्या बायांनो, तलासरीकडून आलेल्या पाहुण्यांनो, तुम्ही कामं सोडून आलात. उन्हात बसलात. देवजी असता तर ओरडला असता, माल उन्हात कोणी ठेवला म्हणून.

मला बोलायला उभं केलं आहे. चौथी शिकलेला माणूस मी. सुनेनं कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद दुसऱ्या सदऱ्यात राहिला. माईक मध्येच बंद पडेल अशी धास्ती वाटते. आणि मी सारखा उन्हाकडे बघतो आहे, तेही तुम्हाला दिसत असेल. त्याचं कारण आधीच सांगतो. शेवटच्या रांगेत जमनी बसली आहे. तिच्या मांडीवर टोपली आहे, टोपलीत कोंबडा आहे. मघाशी भाषणात आरवला तो तोच. जमनीचा नवरा गणू काल दुपारी पोलिसांनी ठाण्यात नेला. अजून कोर्टात नेलेला नाही. आणि आपण इथे देवजीच्या फोटोला हार घालत बसलो आहोत.

असो. देवजीबद्दल बोलायचं आहे.

अध्यक्षसाहेब आत्ता म्हणाले, देवजी माझा उजवा हात होता. ऐकून बरं वाटलं. माझ्या पोराला, रमणला, पोलिसांनी धरून नेलं, तेव्हा मी याच साहेबांच्या ओट्यावर सकाळपासून बसलो होतो. साहेब झोपले आहेत. साहेब जेवत आहेत. साहेब पूजेला बसले आहेत. एका माणसाला एका दिवसात एवढी कामं? देवजी तुमचा उजवा हात असेल, साहेब. पण तो हात तुमच्या अंगाला लागलेला आम्ही कधी पाहिला नाही.

दुसरे पाहुणे म्हणाले, देवजी फार गोड स्वभावाचा होता. कोण? देवजी? क्रेट जरा आपटला तर तो आईबाप काढायचा. घोलवडच्या वाड्यांतून चिकू भरायचा, स्टेशनावर पोचवायचा, आणि वाटेत आडवं येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालायचा. टेम्पोत चिकू होते, तेवढाच काय तो गोडवा. मेला तोही क्रेट बांधता बांधता, छातीत कळ येऊन. मरतानासुद्धा दोरी ढिली आहे म्हणून कुरकुरत होता, असं त्याची बायको मंगी सांगते. मंगी, रडू नको. खोटं बोलत नाही ना मी?

तर रमणची गोष्ट. गंजाडच्या बाजारातून त्याला उचलला. कुणाच्या वाडीतला पाण्याचा पंप चोरीला गेला होता. मी ठाण्यात गेलो, विचारलं, पोराला अटक का केली? ते म्हणाले, बाबा, अटक कुठे, चौकशी आहे. दुसऱ्या दिवशी गेलो. चौकशी चालू आहे. मग म्हणाले, गाडी नाही. मग म्हणाले, मोठे साहेब बंदोबस्ताला गेले आहेत. मग म्हणाले, माणसं कमी आहेत. मारायला माणसं कमी पडली नाहीत.

कायदा म्हणतो, धरलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभा करा. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे? मला समजतं, चौथीवाल्याला. पण यांचं घड्याळ माणूस धरल्यावर चालू होत नाही. यांनी कागदावर लिहिलं की चालू होतं. आणि लिहायचं कधी, तर यांच्या मनात येईल तेव्हा.

आणि आपण? आपल्याला वाटायचं, कोर्ट म्हणजेच जेल. एकदा कोर्टात नेला की पोरगा गेला. माझ्या बायकोनं हवालदाराचे पाय धरले. म्हणाली, दादा, मारायचं तर मारा, पण कोर्टात नेऊ नका. हवालदारानं मोठ्या मनानं मान हलवली. बघतो म्हणाला. त्या उपकारासाठी आम्ही कोंबडा दिला. ऐका मंडळी, नीट ऐका. पोराला कोर्टात नेऊ नये म्हणून आम्ही कोंबडा दिला. यांनी कायदा मोडला, आणि मोडल्याबद्दल कोंबडा खाल्ला. रश्श्याचा वास ठाण्याच्या फाटकापर्यंत आला होता. आत रमणला पाय टेकवत नव्हते.

तेवढ्यात देवजी रिकामा टेम्पो घेऊन परत येत होता. आम्हाला रस्त्यावर बघून थांबला. सगळं ऐकलं. कोंबड्याचं ऐकलं तेव्हा मला अशी शिवी दिली की ती इथे बायकांसमोर सांगता येत नाही. मग म्हणाला, मी गेलोय कोर्टात. टेम्पोखाली म्हैस आली होती तेव्हा. त्याला कायदा ठाऊक नव्हता, मंडळी. कलम वगैरे काही नाही. एकच गोष्ट त्याच्या लक्षात राहिली होती. ती त्यानं माझ्या बायकोला सांगितली.

"वहिनी, तिथं वर एक माणूस बसतो. तो विचारतो, पोलिसांनी त्रास दिला का? मला आजवर खुर्चीवरच्या कुणी असं विचारलं नव्हतं. रमणला त्याच्यापुढं नेऊ."

टेम्पो नेऊन त्यानं ठाण्याच्या फाटकासमोर उभा केला. आत जाऊन म्हणाला, साहेब, गाडी आणली. फौजदारसाहेब हसले. म्हणाले, चिकूच्या टेम्पोतून आरोपी नेतात का? देवजी हसला नाही.

"साहेब, सकाळी उतरवलेला चिकू गाडीत बसून दिल्लीला जातो. हा पोरगा परवापासून तुमच्याकडे उतरवून ठेवलाय. डहाणू काय दिल्लीच्या पुढं आहे?"

साहेबांनी टेम्पो जप्त करायची धमकी दिली. तोवर आमच्याबरोबर आलेल्या पाड्यातल्या बाया टेम्पोच्या हौद्यात चढून बसल्या होत्या. उतरा म्हटलं, उतरल्या नाहीत. आणि मग चमत्कार झाला. नसलेली जीप इमारतीच्या मागून निघाली. दोन दिवस तिथेच चिंचेखाली उभी होती, काचेवर पाला पडलेला.

डहाणूच्या कोर्टात न्यायाधीशांनी रमणला तोच प्रश्न विचारला.  त्यानं पाय वर करून तळवे दाखवले. दवाखान्यात पाठवायचा हुकूम झाला, पुढे जामीन झाला. पंप? तो वाडीमालकाच्या भाच्याकडे निघाला. त्याची चौकशी घरी बसून झाली, चहा पिऊन.

त्यानंतर कुणालाही नेलं की देवजीचा टेम्पो फाटकासमोर. आणि निरपराध माणसासाठीच जायचा असं समजू नका. त्याच्याच टेम्पोची बॅटरी चोरणारा पकडला गेला. बॅटरी ठाण्यात जमा. देवजीनं आम्हाला टेम्पो ढकलायला लावला, उताराला लावून चालू केला, आणि त्या चोराला वाटभर शिव्या देत त्याच्यासाठीच फाटकासमोर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे, सडू दे की त्याला. तर म्हणाला, चोर आहे का नाही ते वरचा माणूस ठरवील, यांनी ठेवून का घ्यायचा?

आज ठाण्याकडूनही हार आला आहे. मोठा आहे. झेंडूचा. फोटोला घातला आहे, राहू दे. हार वेळेवर पोचला. त्यासाठी गाडी मिळाली.

आणि जमनीला आज सकाळी तिथेच काय सांगितलं? घाबरू नको बाय, तुझ्या नवऱ्याला कोर्टात नेत नाही आम्ही. बघतो म्हणाले. म्हणून ती कोंबडा घेऊन निघाली, आणि वाटेत आपली सभा लागली म्हणून बसली. देवजीला जाऊन किती दिवस झाले? आणि यांना परत भूक लागली.

 मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. मागे तो साध्या कपड्यातला माणूस उभा आहे, तो मोबाईलवर माझं बोलणं घेतो आहे. घे बाबा. माझं नाव सोनू. नीट घे.

कोर्ट संध्याकाळी बंद होतं. ऊन कललं आहे. टेम्पो इथेच, शाळेच्या कुंपणाला उभा आहे, मंगीनं चावी रमणकडे दिली आहे. आता आपण देवजीसाठी दोन मिनिटं उभं राहू. कुणी बोलू नका. अध्यक्षसाहेबांना उठायला जड जात असेल तर त्यांनी बसूनच राहावं, त्यांना सवय आहे. दोन मिनिटं झाली की बाकीच्यांनी मात्र खाली बसू नका. चहा ठेवला आहे, तो राहू दे. सरळ टेम्पोकडे चला.

जमनी, टोपलीवरचं फडकं काढ. कोंबडा सोडून दे, आणि तू पुढे रमणशेजारी बस.

रामराम, देवजी. उठा मंडळी.