काकांची नवी करवत

आमचे काका फॅक्टरीत तीस वर्षं सेफ्टी शिकवून रिटायर झाले, हे तर तुम्हाला माहीतच आहे. परवा त्यांनी गोल पात्याची इलेक्ट्रिक करवत आणली आणि मला समोर उभं केलं. "घड्याळ काढ, ओढणी काढून ठेव, गॉगल लाव." अर्धा तास हेच.

मग पात्यावर बोट फिरवत म्हणाले, "धार अशी बघायची."

शेवटी बटण दाबलं, तर करवत ढिम्म.

"लाइट गेली वाटते."

डोक्यावर पंखा तर फिरून राहिला होता.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "प्लग मी काढला जी. तुम्ही पात्यावर बोट फिरवून राहिले होते."

काकांनी शांतपणे गॉगल पुसला. "चलो, घरात एकीला तरी माझं शिकवलेलं लक्षात आहे."