पोळ्याची मानकरी

तुमी हसा, पन त्या दिशी माझ्या पायाला नुस्ती वळवळ सुटलती. युसूफ वडगाव गावच्या एका अप्पांची जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार मी इकत घेतलती. अप्पांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जनावरं. चारचौघांदेखत पैसे दिले, सह्या झाल्या. कवा एकदा केजपतोर सुसाट पळवतो असं झालतं. तेवढ्यात अप्पांनी गाडीची चावी काढली आन घरातल्या खुंटीला अडकवली.

म्हनलं, "अप्पा, चावी?"

"गाय इकली तरी दावं देत न्हाईत. घरातली बरकत जाती. तुमी तुमची नवी करून घ्या."

"आवो, ही गाय न्हाई!"

"मग दर पोळ्याला हिला पुरनपोळी कशाला दावायचो आमी?"

अंगणात येरझारा घातल्या, हातापाया पडलो, अप्पा हलंनात. शेवटी भाड्याच्या एका जीपच्या मागं दोर बांधून गाडी केजला आनली. मी आत नुस्तं स्टेअरिंग धरून बसलतो.

दारात आल्याआल्या आईला समदं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

म्हनलं, "बघ की, कसला मानूस!"

"मानूस बराय. तू चारचौघांत दावं मागितलंस व्हय रं?"